इंजिन पाणी पिईपर्यंत

जमनी,

पत्राला ‘प्रिय’ वगैरे काही लावत नाही. तुला वाचता येत नव्हतं, आणि ज्यांना येतं त्यांना तुझ्याबद्दल दोन ओळी लिहाव्याशा वाटल्या नाहीत. परवा एका लग्नाच्या पंगतीत शेजारचे गृहस्थ सांगत होते, आम्ही दार्जिलिंगला जाऊन आलो, वाफेच्या जुन्या इंजिनाच्या गाडीत बसलो, काय ते डोंगर, काय तो धूर, डोळ्यांचं पारणं फिटलं. मी म्हटलं, आमची जमनी दर सोमवारी बसायची तशा गाडीत. तर म्हणाले, ही जमनी कोण? झालं. जेवण काही मी टाकलं नाही, व्यवस्थित जेवले. पण घरी येऊन लिहायलाच बसले.

तुझ्याशी बोलत लिहीन तर मधेच भांडायला लागेन. म्हणून गोष्टीसारखं सांगते. तुला ‘ती’ म्हणते, आणि मलाही. डब्यातली शोभाबाई मास्तरीण कोण, ते तुला सांगायला नको. काही चुकलं तर तिथून ओरड, ओरडायला तू कधी कमी नव्हतीस.

यवतमाळहून मूर्तिजापूरला अरुंद रुळांची एक गाडी जायची, शकुंतला. साहेबाच्या कंपनीनं वऱ्हाडातला कापूस न्यायला टाकलेली. पुढे कापसाबरोबर माणसंही जाऊ लागली, आणि शेवटी शेवटी कापूस राहिला बाजूला, नुसती माणसंच. तिला काळं, बुटकं, वाफेचं इंजिन होतं. लोहारा मागे पडला की सागाचे डोंगर लागायचे. तिथे चढावर ते इतकं दमायचं की तरणी पोरं खाली उतरून सीताफळं तोडायची आणि पळत येऊन पुन्हा चढायची. पावसाळ्यात दोन्ही बाजूंनी ओढे धावत, फाल्गुनात सगळा डोंगर पळसानं पेटलेला. शोभाबाई दारव्ह्याच्या शाळेत शिकवायच्या. सोमवारी जायचं, शनिवारी यायचं. पहिल्या वर्षी त्यांनी खिडकीतून ते सगळं पाहिलं, नंतर वह्या तपासायला काढल्या.

जमनी मात्र कायम दारात बसायची, पायरीवर पाय सोडून. फेटियाचा म्हणजे घागऱ्याचा घेर आवरून, हातात कोपरापर्यंत चुडे, मांडीवर फडक्यात बांधलेली भाकरी. डोंगर चढायच्या आधी रुळाला लागूनच तिचा तांडा होता. नवरा प्रेमसिंग गाडीवरच कामाला. त्या लाइनीवरच्या फाटकांना माणूस नसे. फाटक आलं की गाडी थांबायची, प्रेमसिंग उतरायचा, फाटक लावायचा, गाडी पुढे जाऊन पुन्हा थांबायची, तो फाटक उघडायचा आणि मागच्या डब्यात चढायचा. आयुष्यभर त्यानं हेच केलं.

“तुमचा नवरा गाडी थांबवतो, आणि तुम्ही तिकीट काढता?” शोभाबाईंनी एकदा विचारलं.

“मंग? थो नोकर हाय, मी काय इंजिनाची बायको हावो?” जमनी म्हणाली, आणि अख्खा डबा हसला.

सोमवारी ती जायची कुठे, तर कुठेच नाही. डोंगराच्या पलीकडे एक ठेसन होतं. तिथे इंजिन पाणी प्यायचं. टाकीची कातडी सोंड इंजिनाच्या पोटात सोडली की वीस-पंचवीस मिनिटं गाडी तिथेच. तेवढ्यासाठी जमनी जायची, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. त्या ठेसनाला लागून दुसरा तांडा होता, आणि तिची एकुलती एक लेक, सोनू, तिथे दिलेली होती.

“अगं मग घरी का नाही जात तिच्या? दोन हाकांवर तर आहे.”

“मले बंदी हाय नं बाई.”

बंदी कशी आली ते जमनी दर वेळी नव्यानं, आणि दर वेळी जास्त चढवून सांगायची. सोनूच्या लग्नाची गोष्ट. गोर म्हणजे बंजारा लोकांत नवरी सासरी निघाली की बैलावर उभी राहते, आणि हात वर करून गाण्यातून सगळ्यांचा निरोप घेते. जमनीच्या डोक्यात भरलं होतं की आपली पोर गाडीतून जाईल. घरात नवरा गाडीवरचा, दारातून रूळ गेलेले, मग बैल कशाला? ड्रायव्हर शंकरसिंग भला माणूस. त्यानं तांड्यासमोर गाडी उभी केली. सोनू डब्याच्या दारात उभी राहून गायली, आणि तिचं गाणं पुरं होईपर्यंत इंजिन गप्प उभं राहिलं. शिटीसुद्धा नाही.

त्या आनंदात जमनीनं एक घोळ केला. लग्नाच्या बोकडाचा पहिला वाटा वराकडच्या नायकाचा. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख. तो वाटा त्याच्या हातात गेल्याशिवाय दुसऱ्याच्या पानात काही पडत नाही. जमनीनं पहिला वाटा पानात बांधला आणि धावत जाऊन शंकरसिंगाला इंजिनावर दिला. त्याला तर निघायचं होतं, तो काय पंगतीला बसणार?

वराकडचा नायक खेमसिंग ताटावरून उठला. तांड्यात जाऊन त्यानं पंच बसवले. ठरलं ते असं: प्रेमसिंगानं बोकड घेऊन यावं, जमनीनं पंचांसमोर पदर पसरावा. तोवर तिचा पाय त्या तांड्याच्या शिवेत पडायचा नाही, आणि सोनू माहेरी यायची नाही.

प्रेमसिंग त्याच दिवशी बोकड न्यायला तयार होता. जमनी नव्हती. “गाडी कोणं थांबवली? खेमसिंगानं? थांबवून दाखव म्हनावं, मंग पदर पसरतो.”

पण टाकीची जागा रेल्वेची. ती कुठल्या तांड्यात नव्हती. सोनूची सासू रामीबाई, तोंडानं तिखट पण बाई चांगली. सोमवार आला की तीच सुनेच्या डोक्यावर सीताफळांची नाहीतर बोरांची टोपली द्यायची. “जाय, गाडीवर इकून ये.” नायकानं विचारलंच तर सून माल विकायला गेली आहे. टोपली बहुतेक भरलेलीच परत जायची, हे रामीबाईनं कधी मनावर घेतलं नाही.

आणि मग त्या दोघी रडायच्या. शोभाबाईंनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांना वाटलं कुणी मेलं. त्या घाबरून उतरायला लागल्या, तर शेजारच्या म्हातारीनं हात धरून बसवलं. गोर बायका बऱ्याच दिवसांनी भेटल्या की आधी गळ्यात पडतात आणि सुरात रडतात; या दोघींना आठ दिवसही बरेच होते. ते नुसतं रडणं नसतं. खबरबात त्यातच सांगायची. म्हैस आटली, मावशीचा नवरा गेला, तुझ्या बापाचा गुडघा सुजला, माझी कूस अजून रिकामी, सगळं त्या चालीत. आधी एक गाते, मग दुसरी. ते पुरं झालं की डोळे पुसायचे, मग साध्या गप्पा, भाकरी, हसणं. रडणं अर्ध्यात तोडायचं नाही. अर्धं रडणं पोटात घेऊन घरी जाऊ नये, अशी त्यांची समजूत.

शंकरसिंगाला हे माहीत होतं. टाकी भरून पाणी वाहायला लागायचं तरी तो सोंड काढायचा नाही. गार्ड ओरडायचा, “काहून रे शंकरसिंग, इंजिन बुडवतं काय?”

“पिऊ दे नं भाऊ, तहानेलं हाय,” तो म्हणायचा, आणि रडण्याची चाल उतरणीला लागली की मगच शिटी द्यायचा.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात वाफेचं इंजिन बंद झालं. निरोपाला गर्दी झाली, हार घातले, फोटो निघाले. इंजिन कुठेतरी शोभेला ठेवायला नेलं. डिझेलचं आलं. शोभाबाईंना आनंद झाला, खोटं कशाला बोला. पांढऱ्या लुगड्यावर कोळशाचे कण पडायचे बंद झाले.

पुढच्या सोमवारी गाडी टाकीपाशी आली. डिझेलच्या इंजिनाला पाणी लागत नाही. मिनिटभर थांबून भोंगा वाजला. जमनी उतरली होती, सोनू टोपली घेऊन समोर उभी होती. शोभाबाईंनी पाहिलं, त्या दोघींनी एकमेकींना हातसुद्धा लावला नाही. हात लावला असता तर रडणं सुरू झालं असतं, आणि एका मिनिटात ते पुरं होणारं नव्हतं. नुसत्या बघत राहिल्या. प्रेमसिंगानं जमनीला दंडाला धरून डब्यात ओढलं.

असे किती सोमवार गेले. गाडी गेल्यावर टाकीपाशी थांबलं तर सोनूचं माल विकायचं निमित्त खोटं पडायचं. त्या मिनिटात जमनी भाकरीचं फडकं द्यायची, सोनू ओंजळभर बोरं. डब्यात आल्यावर जमनी ती बोरं खायची नाही, पदरात घेऊन बसायची. डोंगर तेच होते, पळस तोच. शोभाबाई एकदा वैतागून म्हणाल्या, “जमनी, पुरे झाला तुझा ताठा. पसर तो पदर आणि मोकळी हो.”

जमनी चिडेल असं त्यांना वाटलं होतं. ती म्हणाली, “हाव. बोकड पोसून राह्यलो. दिवाळी होऊ द्या.”

खरंच पोसत होती. काळं बोकड, कपाळावर पांढरा टिळा. शोभाबाईंनी गाडीतून ते पाहिलं होतं.

त्या साली कापसावर अळी पडली. आदल्या सालीही पडली होती, पण त्या साली फवारून फवारून माणसं थकली आणि अळी थकली नाही. दिवाळीला वेचायला बोंडंच नव्हती. डोंगरापलीकडच्या तांड्यावर मुकादमाचा ट्रक आला आणि घरंच्या घरं ऊसतोडीला पश्चिमेकडे गेली. नायक खेमसिंगही गेला. प्रेमसिंग बोकड घेऊन पोचला तेव्हा तांड्यात चार म्हातारी माणसं आणि कुत्री. पंचच नाहीत, तर माफी कोण देणार? बोकड परत आलं.

सोनू नवऱ्याबरोबर गेली, रामीबाईही गेली. सोनूला तेव्हा दिवस गेले होते. इतक्या वर्षांनी. जमनीला ते कळलं टाकीच्या शेवटच्या मिनिटात. सोनूनं फक्त पोटावर हात ठेवून दाखवला, आणि भोंगा वाजला.

हिवाळाभर जमनी सोमवारी गाडीत बसायची. “कायले येतं वं आता?” प्रेमसिंग म्हणायचा. ती टाकीपाशी उतरून उभी राहायची आणि पुन्हा चढायची.

फाल्गुनात बातमी आली. तीही गाडीतच आली, त्या तांड्यावरच्या एका म्हाताऱ्याच्या तोंडून. सोनू उसाच्या फडावर बाळंतपणात गेली. पोरही गेलं. तिकडेच सगळं उरकलं.

जमनी रडली नाही. तीच दाराची पायरी, तेच पाय सोडून बसणं. शोभाबाईंनी वह्या बाजूला ठेवल्या आणि पहिल्यांदाच तिच्याशेजारी खाली बसल्या.

“रड गं,” त्या म्हणाल्या. “माझ्या गळ्यात पडून रड.”

“तुमी कोर हा बाई.” कोर म्हणजे गोर नसलेलं माणूस. ती रागानं बोलली नव्हती, समजावून सांगत होती. “मी गाईन, पन तुमी उलट काय गासान? रामीबाई जवळ होती तिच्या. पोरीनं पानी मांगलं का, माहं नाव घेतलं का, कशी गेली, हे थेच गाऊन सांगन मले. तवा मी रडन.”

गाडी चढावर होती. मग जमनी म्हणाली, “बाई, एक काम करसान? तुमाले बंदी न्हाई. आखाजीले थे लोक वापस येतीन. तुमी त्या तांड्यात जा, रामीबाईले टाकीपाशी घेऊन या. गाडी गेली तं जाऊ द्या. मी उतरून राह्यन तिथंच. संध्याकाळपर्यंत रडू आमी.”

“आणीन,” शोभाबाई म्हणाल्या. “हाताला धरून आणीन.”

चैत्रात मोहाची फुलं वेचायला जमनी डोंगरात गेली आणि तिला ऊन लागलं. दुसऱ्या सोमवारी दाराची पायरी रिकामी होती. प्रेमसिंग फाटक लावून डब्यात आला आणि उभा राहिला. “बाई, जमनी गेली नं.” पुढचं फाटक आलं, तो उतरला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ऊसतोडीचे ट्रक परतले. त्यानंतरच्या सोमवारी शोभाबाई टाकीपाशी उतरल्या. तांड्यात जायची वेळच आली नाही. एक उंच, हडकुळी बाई टाकीच्या सावलीत बसली होती. टोपली नव्हती. गाडी थांबताच ती उठली आणि डब्याच्या दारात बघू लागली, मग दुसऱ्या डब्याच्या, मग पुन्हा पहिल्या.

“रामीबाई?” शोभाबाईंनी विचारलं.

“हाव. जमनी काहून नाही उतरली? मी आली म्हना तिच्यासाठी. नायकाले म्या सांगतलं, माही ईहीन हाय, बंदी गेली चुलीत.” मग ती हळू बोलली. “समदं ध्यानात ठेवलं बाई म्या. पोरीचा शबद नं शबद. कोनापाशी नाही काढला. तिले सांगासाठी ठेवला.”

शोभाबाईंनी सांगितलं.

रामीबाईनं पदर तोंडावर घेतला. शोभाबाईंनी दोन्ही हात पुढे केले. रामीबाईनं ते हात पाहिले, त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि नाही म्हणून मान हलवली. भोंगा वाजला. गाडी निघून गेली. शोभाबाई गेल्या नाहीत. दोघी टाकीच्या कोरड्या कट्ट्यावर संध्याकाळपर्यंत बसून राहिल्या, आणि कुणी काही गायलं नाही.