फुग्यांचं पीठ

नाताळला आमच्या घरी केक नसला तरी चालतं, फुगे नसले तर चालत नाही. मैदा, अंडी, नारळाचं दूध आणि ताडी यांचं सैलसर पीठ चार तास झाकून ठेवायचं, ते टोपाच्या काठापर्यंत वर आलं की मुठीतून पिळून त्याचे गोळे तेलात सोडायचे. पडल्या पडल्या टम्म फुगतात, म्हणून फुगे. पीठ वर आलं नाही तर मात्र वाडीतल्या बायका हळू आवाजात नजर, पायगुण असलं काहीबाही बोलतात. कुमसारात, म्हणजे पापं कबूल करताना, फादरना सांगत नाहीत, पण मानतात सगळ्या. म्हणून आई पिठावर बोटाने क्रूस काढायची, टोपाला जुनं ब्लँकेट गुंडाळायची आणि बजावायची, "आता याला कोणी हात लावायचा नाही."

मी पाचवीत होते. काकाने नायगावच्या खाडीकडच्या एका हिंदू मुलीशी रजिस्टर लग्न केलं होतं आणि दोन वर्षं ती दोघं आचोळ्याला भाड्याच्या खोलीत राहत होती. आजी-आजोबा केव्हाच गेले होते, त्यामुळे घरात शब्द आईचा. बाबांनी तिच्या नाकदुऱ्या काढून काढून त्या नाताळला दोघांना बोलवायचं कबूल करून घेतलं. "एक सण नीट पार पडू दे," आई म्हणाली, "मग मागची खोली त्यांना द्यायची का ते बघू." मला काकी हवी होती. बाबांबरोबर मी तिला दोनदा गुपचूप भेटले होते. पत्त्यांत चोरून कसं बघायचं ते मला तिनेच शिकवलं. अशी काकी मागच्या खोलीत आली तर आणखी काय हवं?

चोवीस तारखेला सकाळी आईने ताडी, साखर आणि फेटलेली अंडी टोपात घातली, गॅसवर नारळाचं दूध तापवून खाली उतरवलं आणि मला सांगितलं, "हे निवू दे. करंगळी बुडवून बघ, सोसलं तरच ओत. गरम ओतलंस तर ताडी मरेल." मग ती शेजारी मोठी चाळण आणायला गेली. आई शेजारी गेली म्हणजे पाऊण तासाची निश्चिंती. इकडे वाडीतली पोरं बाळ येशूचा गोठा बांधत होती आणि वरचा तारा दुसरंच कोणीतरी लावणार, या विचाराने माझा जीव खालीवर होत होता. मी करंगळी वगैरे काही बुडवली नाही. वाफाळतं दूध ओतलं, पळी फिरवली आणि सुटले. आई आली तोवर सगळं कोमट झालं होतं. तिने घाईघाईत मैदा घालून मळलं आणि झाकून ठेवलं.

बाराच्या सुमाराला काका-काकी स्कूटरवरून आले. काकी नवी साडी नेसून थेट स्वयंपाकघरात शिरली. "ताई, मला पन शिकवा," म्हणाली, आणि कोणी काही सांगायच्या आत ब्लँकेट बाजूला करून झाकण उचललं. "बघू तरी, कसं फुगतंय." आईने तिच्या हातातून झाकण घेतलं आणि परत ठेवलं. ब्लँकेट पुन्हा घट्ट गुंडाळलं.

चार वाजता तेल तापलं. बाबा, काका, काकी, सगळे गॅसभोवती. आईने झाकण काढलं. पीठ जसं ठेवलं होतं तसंच तळाशी बसलेलं. आईने मूठभर पीठ उचललं, बोटांनी ताणलं, आणि त्यातून शिजलेल्या अंड्याचा एक पांढरा धागा निघाला. मी बघितला. तिने बघितला. मग तिने माझ्याकडे बघितलं. गरम दुधात अंडं शिजतं, हे तिला कोणी सांगायला नको होतं. तिने तो धागा पदराला पुसला.

"झाकण उघडायला नको होतं," ती काकीकडे न बघता म्हणाली. "पायगुण म्हणतात तो उगाच नाही."

आणि टोप उचलून सगळं पीठ मागच्या केळीच्या खड्ड्यात ओतून आली.

काकीचा चेहरा पडला. "ताई, माझंच चुकलं. मला कोनी सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. काकाचा आवाज चढला, "वहिनी, पायगुण काय काढता? दोन वर्षांनी घरात आलीय ती." चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर तिथेच परकराची नाडी चावत उभा. मला वाटत होतं, आई आता सांगेल. आता सांगेल. काका स्कूटरकडे निघाला, काकी त्याच्या मागे, तरी आई गॅस बंद करून ओटा पुसत राहिली.

आदल्याच दिवशी माझं कुमसार झालं होतं. रात्री चर्चमध्ये मिस्साला कम्युनियन घ्यायचं होतं, ते पाप लपवून घेत नाहीत. पण खरं सांगते, देवाची भीती नंतरची, काकी निघाली ही भीती आधीची. मी अंगणात धावले आणि ओरडून सांगितलं, "मी केलं. मी गरम दूध ओतलं. पिठात अंडं शिजलं होतं, आईने बघितलंय."

आई मागून आली आणि माझ्या थोबाडीत मारली. "काकीसाठी खोटं बोलते? आईवर आळ घेते?"

दाखवायला पीठ उरलं नव्हतं. मी बाबांकडे बघितलं, त्यांनी मान खाली घातली. काकी स्कूटरवरून उतरली, तिने मला जवळ घेतलं. मला वाटलं, हिला तरी पटलं. ती माझ्या कानात म्हणाली, "माझ्यासाठी खोटं नको बोलू गं बाय. उद्या नाताळ आहे." आणि ती दोघं गेली. मागच्या खोलीत आईने पुढे कांद्याची पोती ठेवली.

काकी आता लग्नाकार्यांत भेटते, नाताळला कधीच नाही. भेटली की माझ्या मुलांना हमखास सांगते, "तुमच्या आईने माझ्यासाठी खोटं बोलून मार खाल्लाय." मी दर वेळी म्हणते, काकी, ते खरं होतं. ती माझा गाल कुरवाळते, "अजून माझीच बाजू घेते बघा." आई शेजारच्या खुर्चीवर बसून पुलाव खात असते.

गेल्या डिसेंबरात आम्ही दोघीच पीठ मळत होतो. दूध निवलंय का ते मी करंगळीने बघत होते. न राहवून विचारलं, "मला मार बसू नये म्हणून गप्प राहिलीस, असं इतकी वर्षं मी समजत आले. मग मारलंस का?"

आईने हात थांबवला नाही. "तुला वाचवायला नाही गप्प राहिले," ती म्हणाली. "मला ती घरात नको होती. तू कारण दिलंस."