चावीची तोटी

माझ्या सासऱ्यांनी बंब निवडला तेव्हा मी दुकानाच्या पायरीवर उभी होते. सातवा महिना होता. फलटणकडच्या आमच्या गावातून मला साताऱ्याला, माझ्या माहेरी, पोचवायला ते निघाले होते आणि जाता जाता तांबटाच्या दुकानात शिरले. दुसरी मोठी लढाई संपून वर्ष झालं होतं. माझे यजमान अजून पलटणीत, लांब जबलपूरच्या छावणीत होते.

दुकानात तीन बंब मांडलेले होते. सासऱ्यांनी तांब्याचा जाडपणा बोटानं वाजवून पाहिला, पण त्यांचं मन जडलं ते एका तोटीवर. तिची मूठ चावीसारखी उपसून काढता यायची. मूठ काढली की तोटी हातानं फिरत नसे.

"पोरंबाळं हात लावत न्हाईत, मालक," तांबट म्हणाला.

सासऱ्यांनी ती चावी काढली, बसवली, परत काढली. "पोरं न्हाईत आमच्यात. पर बाया हायत्या." दोघंही हसले.

मी पायरीवरून म्हटलं, "मामंजी, चावी हरवली तर?"

"तुला इचारलं कुणी?" त्यांनी मागं वळूनही पाहिलं नाही.

मला मुलगी झाली. पौषात तिला घेऊन मी सासरी आले, तेव्हा न्हाणीत दगडावर बंब बसला होता आणि चावी सासऱ्यांच्या करगोट्याला. पहाटे बंब पेटायचा. आधी ते अंघोळ करत, मग सासूबाईंना अर्धी बादली मिळे. मग चावी कमरेला. मी गार पाण्यानं न्हायचे. चुलीवर वेगळं पाणी ठेवायची सोय नव्हती, "लाकडं काय आभाळातनं पडत्यात?" असं म्हणून तेही त्यांनी बंद केलं होतं. बाळाच्या पाण्यासाठी सासूबाई रोज त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहत. मनात आलं तर देत. नाही तर, "पोरीच्या जातीला रोज कशाला कढत पाणी?" म्हणत.

मी त्यांचा द्वेष करत होते. ते जाऊन किती वर्षं झाली, तरी आजही हे लपवावंसं वाटत नाही.

एके दिवशी ते सकाळीच फलटणच्या बाजाराला निघून गेले, चावी कमरेला तशीच. बंबात जाळ होता, वरून वाफ निघत होती. बाळाला तेल लावून झालेलं. उघडं पोर थंडीनं काकडत होतं, ओठ काळेनिळे पडायला लागले होते.

सासूबाई म्हणाल्या, "आज नुसती पुसून घे, बाई."

"पुसत न्हाई," मी म्हटलं. पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि तोटीवर हाणला. तिसऱ्या घावाला तोटी मुळापासून निखळली. कढत पाणी माझ्या डाव्या पावलावर आलं. मी ओरडले, पण घंगाळ खाली सरकवलंच. विसण घालून पोरीला न्हाऊ घातलं. ती शेक लागताच गप्प झाली, डोळे मिटून पडून राहिली. उरलेलं पाणी मी माझ्या डोक्यावरून घेतलं, सावकाश, केस सोडून. सासूबाई दारात उभ्या राहून "आता काय हुईल गं" एवढंच म्हणत होत्या.

सासरे दिवस मावळायच्या आत परतले.

"कुणी केलं?"

"मी."

"तुझ्या बापानं घिऊन दिला हुता व्हय?"

"न्हाई. तुमीच घेतला. मी पायरीवर हुते."

"नीघ माझ्या घरातनं."

"लगीन लावून आणलीया मला. तुमच्या ल्योकाला बोलवा. त्यो काढू दे भायेर."

त्यानंतर दोन महिने आम्ही एकमेकांशी बोललो नाही. पावलाला फोड आले, पिकले. घरात कुणी, सासूबाईंनीसुद्धा, औषधाचं नाव काढलं नाही. मीच कोरफड लावत बसे. सासऱ्यांनी बंब दुरुस्त करून आणला. तोटी पुन्हा तसलीच.

यजमान सुट्टीवर आले, आधी वडिलांशी बोलले, मग माझ्याकडे वळले. पहिलं वाक्य, "आबांच्या पाया पड."

"न्हाई पडणार."

आठ दिवस तेही माझ्याशी धड बोलले नाहीत. मी पाऊल पुढं करून दाखवलं, तर म्हणाले, "तूच केलंस न्हवं?" त्या आठ दिवसांत मला दोघांचाही सारखाच राग होता. नवव्या दिवशी ते अंघोळीला गेले आणि त्यांनी चावी मागितली.

"आदी बायकूला ताळ्यावर आण," सासरे म्हणाले.

यजमान कोरड्या अंगानं बाहेर आले आणि परत सदरा चढवला. माझं भाजलेलं पाऊल बघून जे झालं नाही, ते स्वतःची अंघोळ अडल्यावर झालं. त्याच उन्हाळ्यात आम्ही विहिरीजवळ मळ्यात दोन खण उभे करून वेगळे राहिलो.

आमचा बंब घ्यायला सांगलीला गेलो. या खेपेला मी पायरीवर थांबले नाही. यजमानांनी नेमकी चावीचीच तोटी उचलली. "पोरगी रांगायला लागलीया. भाजल. ही बरी."

"आवं, ती घेतली तर बंबासंगं तुमीबी हितंच ऱ्हावा."

दुकानदारानं ती बाजूला ठेवली. मी प्रत्येक बंबात पाणी ओतायला लावलं, तोट्या उघडल्या, मिटल्या, खाली तळहात धरून थेंब गळतो का पाहिलं. पक्क्या मुठीची एक साधी पितळी तोटी होती, तिचा बंब घेतला.

पुढच्या हिवाळ्यात एका दुपारी सासूबाई मळ्यात आल्या. हातात धुवट लुगडं होतं. ते बघून मला कळलं. बंबात जाळ घातला आणि बादली पुढं सरकवली. त्या बराच वेळ न्हात होत्या. आतून एकदा आवाज आला, "पाठ चोळतीस का गं जरा?"

मी ऐकलं, डाव्या पावलावरच्या डागाकडे पाहिलं, आणि अंगणात जाऊन पोरीचे कपडे वाळत घालत राहिले.