टायर आणि मडगार्डमधलं बोटभर अंतर

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. बोटीवर एकाच केबिनमध्ये ज्यांच्यासोबत महिनोन्महिने काढले, त्यांना माणूस सगळंच सांगून बसतो — त्यांनाही नाही. तुम्हाला का सांगतोय, ते नीट सांगता यायचं नाही.

अपघात आमच्या आळीत सगळ्यांना माहीत आहे. ब्याऐंशी-त्र्याऐंशीची गोष्ट. माझ्या मोटारसायकलवरून तात्या, म्हणजे माझे वडील, पडले आणि त्यांचा खुबा मोडला. पुढची सहा वर्षं, मरेपर्यंत, ते काठी टेकत चालले. दोष गॅरेजवाल्या दत्ता मेस्त्रीचा, हेही सगळ्यांना माहीत आहे. आणि तिथेच — तिथेच तर सगळं आहे.

मी तेव्हा मालवाहू बोटीवर होतो. अठ्ठावीस वर्षांचा. परदेशातल्या एका बंदरावर मी एक लांबलचक मोटारसायकल पाहिली होती — हँडल उंच, सीट खाली, आणि पुढचं चाक मागच्यापेक्षा मोठं, बारीक. ते चाक डोक्यातून जाईना. सुट्टीवर आलो तो मुंबईच्या जुन्या बाजारातून तसलंच चाक घेऊन, एसटीच्या टपावर बांधून. माझी जुनी बुलेट मेस्त्रीकडे नेली आणि म्हटलं, हिला तशी करून दे.

मेस्त्री माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठा. तात्यांची सायकल दुरुस्त करायचा, तेव्हापासून आमच्या घरचा. असलं काम त्याने कधी केलं नव्हतं. तरी पंधरा दिवस खपला. शनिवारी संध्याकाळी शेवटी चाक बसलं — काय दिसत होती गाडी! मी तिच्याभोवती फिरत होतो. मेस्त्री मात्र उकिडवा बसून टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये बोट घालून बघत होता. बोट जेमतेम जात होतं.

"मडगार्ड वर घ्यायला हवं," तो म्हणाला. "सोमवारी पट्ट्या लांब करून आणतो. आता खड्ड्यात पुढचे शॉक दबले, की टायर वर घासणार. चाक धरलं तर काय होईल, कळतंय ना?"

मी म्हटलं, घरापर्यंतच नेतो.

"मग मडगार्ड काढून देतो."

नको म्हटलं. मडगार्डाशिवाय ती बोडकी दिसली असती. दुसरं काही कारण नव्हतं.

"बरं. पण सावकाश जा, एकटा. मागे कुणाला बसवू नको हां."

मी हो म्हटलं. स्पष्ट, मोठ्याने हो म्हटलं.

तात्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. माझं बोटीवर जाणं त्यांना कधी पटलं नाही. माझ्या कुठल्याही गोष्टीला त्यांनी चांगलं म्हटल्याचं मला आठवत नाही. रविवारी सकाळी ते अंगणात आले, गाडीकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "पूर्णगडला तुझ्या ताईकडे जायचंच होतं. चल, तुझ्या ह्या विमानातून जाऊ."

सोमवारनंतर जाऊ — एवढं म्हणायला काय लागलं असतं? पण तात्या धोतर सावरत स्वतःहून माझ्या मागे बसत होते. मी किक मारली.

पावस गावाच्या अलीकडे उतार लागला. मोठा खड्डाही नव्हता, रस्ता जरा खचलेला होता. आधी घासल्याचा आवाज आला, मग चाकच थांबलं. मी हँडलवरून मातीत. तात्या रस्त्याकडेच्या कुंपणावर, जांभ्या दगडाच्या गडग्यावर.

इस्पितळात बोलण्याइतके सावध झाल्यावर त्यांनी पहिलं हेच विचारलं. "मेस्त्रीने काम झालं म्हणून दिली ना गाडी?"

"हो," मी म्हटलं. "झालं म्हणाला."

मी भेदरलो होतो — नाही, ही सबब झाली. मी अगदी शुद्धीत होतो.

दुसऱ्या दिवशी मेस्त्री शहाळी घेऊन आला. तात्या त्याला नाही नाही ते बोलले. अख्खा वॉर्ड ऐकत होता. तो म्हणाला, "तात्या, मी ह्याला सांगितलं होतं. मागे कुणाला बसवू नको म्हणून."

"म्हणजे माझा मुलगा खोटं बोलतो?"

मेस्त्री माझ्याकडे वळला आणि थांबला. वेळ दिला त्याने मला, भरपूर दिला. मी सलाइनच्या बाटलीकडे बघत राहिलो. मग त्याने शहाळी भिंतीला टेकवून ठेवली आणि गेला.

तीन महिन्यांत मी पुन्हा बोटीवर. तात्या इथेच होते, आणि भेटेल त्याला सांगत होते. त्यांच्या शब्दाला गावात वजन. दोनेक वर्षांत मेस्त्रीचं गॅरेज बंद पडलं. तो देवरूखला, बायकोच्या माहेरी गेला. तिथे सायकली दुरुस्त करतो, असं कानावर आलं.

तुम्ही म्हणाल, तरुण होता, घाबरला. थांबा — सांगायचं ते अजून राहिलंय.

तात्या गेले त्या वर्षी मी घरी होतो; त्यांनी अंथरूण धरलं होतं. एका दुपारी त्यांचे पाय चेपत बसलो होतो. ते एकदम म्हणाले, "त्या दत्ताला मी फार बोललो का रे? त्याच्या हातून असं व्हायचं नाही. मला अजून पटत नाही."

सहा वर्षं हे त्यांच्या मनात होतं तर. अंथरुणाला खिळलेला म्हातारा माणूस मला काय करणार होता? मला कसली भीती होती? देवरूख किती लांब — निरोप धाडला असता तर मेस्त्री दुसऱ्या दिवशी त्यांच्यापाशी येऊन बसला असता.

मी म्हटलं, "नाही तात्या. बरोबरच बोललात तुम्ही."

त्यांनी डोळे मिटले. त्यांना बरं वाटलं असेल, असं मी स्वतःला सांगत आलो. बरं मला वाटलं होतं.

तेराव्याला मेस्त्री आला. कुणी कळवलं होतं, माहीत नाही. पडवीत बसून पाणी प्यायला. "पायाने शेवटी फार त्रास दिला का तात्यांना?" एवढंच त्याने विचारलं.

"दिला," मी म्हटलं.

जेवून जा म्हटलं, तर दीडची गाडी आहे म्हणाला. मी त्याला बेड्यापर्यंत, आवाराच्या फाटकापर्यंत, पोचवायला गेलो. वीस-पंचवीस पावलं असतील. आम्ही दोघंच होतो, ऐकायला तिसरं कुणी नव्हतं. तो "येतो" म्हणाला आणि रस्त्याला लागला. आत पानं मांडली होती. मी वाढायला गेलो.