मीठचौकीच्या भिंतीतला पिंपळ

“माझ्या भिंतीला कोणीतरी पाणी पाजतंय, लिहून घ्या आधी!”

ठाणे अंमलदाराच्या टेबलावर मूठ आपटून ती बाई ओरडत होती. टेबलावरचा चहाचा ग्लास, स्टॅम्पपॅड आणि खुद्द अंमलदार, तिघेही एकदमच हलले. आवाज असा की कोठडीतले दोन पाकीटमार मांडी घालून सरळ बसले. मी आतल्या खोलीतून बाहेर आलो. नोकरीत मी खून पाहिले, दंगली पाहिल्या, चोरलेली मोटरसायकल टाकी फुल करून परत आणून देणारा चोरही पाहिला. पण भर मे महिन्यात, गावोगाव टँकरवरून डोकी फुटत असताना, कोणी भिंतीला पाणी पाजतंय अशी तक्रार ना आधी कधी ऐकली ना नंतर. त्यामुळे ती दुपार डोक्यातून जाता जात नाही. नावं कोणाचीच सांगणार नाही. गाव ठाकुर्लीच्या पुढे खाडीकडे उतरणाऱ्या गावठाणांपैकी एक, एवढं समजून चाला.

अंमलदार सावरला आणि म्हणाला, “मावशी, भिंत काय म्हैस आहे का, पाणी प्यायला?”

“येऊन हात लावा. मग बोला म्हशीचं,” ती म्हणाली.

मी तिला आत बोलावलं. पन्नाशीची, मूळची कोकणातली, नवरा वारलेला, मूलबाळ नाही. गावात कोणाकडे हळद असली की तांदळाच्या भाकऱ्यांची ऑर्डर हिच्याकडे. हातावर भाकरी अशी थापते की पलीकडचा माणूस दिसावा, असं बीट हवालदार सांगायचा. तो जरा फुगवून सांगतो, पण फार नाही. ती राहायची आणि भाकऱ्या करायची ती जागा म्हणजे खाडीवरची जुनी मीठचौकी. इंग्रजांच्या काळात मिठागरांच्या मिठावर कर वसूल करायची कचेरी. काळा दगड, चुन्याचं बांधकाम, वर मंगलोरी कौलं. दारावर निळी पाटी होती: ही वास्तू वारसा यादीत आहे, नासधूस करणाऱ्यावर कायदेशीर कारवाई होईल. गावकरी त्या पाटीच्या खिळ्याला दूधवाल्याची पिशवी अडकवत.

चौकीचा मालक गावातलाच. बापजाद्यांची मिठागरं गेली, जमिनींना भाव आला, तीन मजली बंगला झाला. त्याच्या वडिलांनी हिच्या नवऱ्याला चौकी भाड्याने दिली होती. नवरा गेल्यावर मालकाने हिला बहीण मानलं. ती त्याला दादा म्हणायची, तो तिला बाय. त्याच्या पोरांची आजारपणं हिने काढली होती. हे सगळं तिनेच सांगितलं, आणि भिंतीला पाणी घालणारा कोण ते माहीत नाही, असंही सांगितलं. संशय कोणावर, या माझ्या प्रश्नाला तिने मान हलवली. तक्रारदार इतक्या झटकन नाही म्हणाला, की समजावं, नाव त्याच्या ओठांपर्यंत आलंय.

तक्रार अदखलपात्र म्हणून नोंदवली, आणि दुसऱ्या दिवशी मी स्वतः गेलो. चौकीच्या मागच्या भिंतीवर, कौलांच्या जरा खाली, दगडांच्या सांध्यातून एक पिंपळ बाहेर आला होता. चांगला पुरुषभर उंच. बाकी सगळा काठ करपलेला. झुडपं अशी वाळलेली की नुसती बघितली तर पेट घेतील. आणि हा पिंपळ तेल लावल्यासारखा चकाकत होता. आत जाऊन भिंतीला हात लावला. ओली. चुन्याचे पोपडे सुटलेले, वर ओलीने येणारा पांढरा खार, लोणा, फुटलेला. ती जिथे बसून भाकऱ्या थापायची, बरोबर त्याच्या वरचा दगड पुढे आला होता.

खबर मिळाली ती टँकरवाल्याकडून. पोलिसाला गावाची खरी खबर पाटलाकडून मिळत नाही. जो रोज सगळ्यांच्या शिव्या खातो त्याच्याकडून मिळते. त्याला ठाण्यामागच्या शेडमध्ये चहा पाजला. तो म्हणाला, “साहेब, हंडाभर पाण्यासाठी बायका एकमेकींच्या झिंज्या धरतात. आणि चौकीच्या मागे शिडीच्या पायाशी चिखल असतो. शिडी कोणाची, ते मी नाय बोलणार. मला त्या गावात गाडी घेऊन जायचंय अजून.”

शिडी शोधायला फौज लागली नाही. मालकाच्या बंगल्याच्या मागे आडवी पडलेली होती आणि तिच्या दोन्ही पायांना ओला चिखल लागलेला होता. पंचनामा केला.

मालकाला बोलावणं पाठवलं तर तो न कुरकुरता आला. गळ्यात बैलाला शोभेल अशी साखळी, पांढरा शर्ट, तोंडावर हसू. माझ्याबद्दल एक गोष्ट खात्यात पसरली होती, की मी नुसतं रोखून बघितलं तरी माणूस आठवीतल्या कॉपीसकट सगळं कबूल करतो. ती गोष्ट मीच पसरवली होती, हा भाग वेगळा. त्या दिवशी मी रोखून बघत राहिलो आणि तो बशीत चहा ओतून पीत राहिला.

पाणी घालतो हे त्याने लगेच मान्य केलं. नाकारायचं कशाला? त्याची आई पिंपळाला पाणी घालायची, आता तो घालतो. भिंत ओली होते हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं म्हणे.

“तिथे रोप आलं कुठून?” मी विचारलं.

“पाखरानं बी टाकला, देवानं वाढवला. मी निस्ता पानी घातला.” मग हात जोडून म्हणाला, “साहेब, तुमी शिकलेली मानसं. पिंपळाला पानी घालनं कंच्या कलमात बसतं, तेवढं मना सांगा.”

मी कायद्याची सगळी पुस्तकं उलटीपालटी केली. शेवटी पंचांगसुद्धा पाहिलं. असं कलम नव्हतं. जाणूनबुजून मालमत्तेची नासधूस केली तर तिला कायद्याच्या भाषेत आगळीक म्हणतात, आणि मालमत्ता स्वतःची असली तरी त्यातून दुसऱ्याचं नुकसान होत असेल तर गुन्हा ठरतो. पण ‘जाणूनबुजून’ हा शब्द सिद्ध करावा लागतो. पाखराने टाकलेल्या बीला भक्तिभावाने पाणी घालणाऱ्या माणसाचा हेतू मी कोर्टात कुठल्या डबीत घालून नेणार होतो?

हेतू काय ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. चौकी वारसा यादीत, म्हणजे पाडता येत नाही. तिची आणि बाजूची जागा मिळून टॉवर उभा राहणार होता. बिल्डर येऊन मोजमापं घेऊन गेला होता. मधे अडकली होती ती एवढी चौकी. माणसाने पाडली तर खटला. पण ती आपोआप पडली, किंवा धोकादायक ठरली, की भाडेकरू बाहेर आणि रान मोकळं. यादीतली वास्तू पाडायला हातोडा लागतोच असं नाही. पिंपळाचं मूळ सावकाश सगळं काम करतं, आणि गुन्ह्याचं हत्यार असं की त्याला गाव नमस्कार करतं.

मी पालिकेच्या अभियंत्याला पत्र लिहिलं. झाड काढायची परवानगी निघाली. ठरल्या सकाळी उद्यान खात्याचा मुकादम माणसं घेऊन आला, मी बंदोबस्ताला. जाऊन बघतो तर पिंपळाच्या खोडाला सूत गुंडाळलेलं, भिंतीवर हळदकुंकू, खाली नारळ. कालपर्यंत ज्या झाडाकडे कुत्रं बघत नव्हतं, तिथे देवस्थान झालेलं. मुकादमाने वर पाहिलं, कुऱ्हाड भिंतीला टेकवून ठेवली आणि सरळ चपला काढल्या.

“साहेब, आपल्याला पोरंबाळं आहेत,” तो म्हणाला. त्याची माणसंही मागे सरकली. कोणी तोडत नाही पिंपळ. मी रागावलो, कामात अडथळा म्हणून कारवाई करीन म्हणालो. ते माझं तोंड म्हणत होतं. खरं सांगायचं तर माझ्या हातात कुणी कुऱ्हाड दिली असती, तर मलाही पोरंबाळं आठवली असती.

तोवर अख्खं गाव जमलं. चारशे माणूस असेल. बरं, दीडशे धरा. कोणी म्हणे देवाचं झाड आहे, हात लावाल तर बघा. कोणी म्हणे बाईलाच दुसरीकडे हलवा ना, झाडाला कशाला त्रास. मालक घोळक्यात पुढे उभा होता. त्याला बोलायची गरजच नव्हती. त्याचं बोलणं गाव बोलत होतं.

मग ती बाहेर आली. पदर खोचलेला, हाताला पीठ, हातात कोयता. कोणाकडे न बघता मालकाच्या अंगणात गेली, शिडी ओढत आणली आणि भिंतीला लावली. एक म्हातारी पुढे होऊन तिला म्हणाली की अगं, विधवा बाई तू, आणखी कसला दोष घेतेस डोक्यावर. ती म्हणाली, “मावशी, डोक्यावर घ्यायला माझ्याकडे आता तेवढंच उरलंय. छप्पर तर चाललंच आहे.” आणि चढायला लागली.

मी तिला थांबवायला हवं होतं की नको, ते अजून ठरवता आलेलं नाही. मी बघत होतो मालकाकडे. इतका वेळ त्याच्या तोंडावर असलेलं ते हसू गेलं होतं. ती पाचव्या-सहाव्या पायरीवर असेल, तिने सुताला हात घातला, आणि तो माणसं ढकलत पुढे धावला. शिडी दोन्ही हातांनी धरली.

“बाय, तू नको,” तो म्हणाला. “तू उतर. तुला दोष लागंल. मीच लावलाय त्यो, मीच तोडतो.”

तिने वरूनच विचारलं, “तू लावलास?”

“बाबा गेले त्या पावसात. शेनाच्या गोळ्यात रोप घालून बसवला. तू उतर आधी.”

ती उतरली. त्याच्या हातात कोयता दिला आणि बाजूला जाऊन उभी राहिली. ती मनात वर्षं मोजत असावी. बाबा गेले तो पाऊस, म्हणजे त्यानंतर तो हिच्याकडे किती वेळा जेवला, ते.

तो वर गेला, पिंपळाला हात जोडले, बराच वेळ काहीतरी पुटपुटला आणि घाव घातला. पहिले दोन भिंतीवरच बसले. खोड सुटलं. मग मुकादमाची माणसं धीर करून चढली आणि दोर लावून मूळ ओढलं. ते मूळ माझ्या मांडीएवढं होतं. ठीक आहे, मनगटाएवढं. ते हललं आणि आतून आवाज आला. आम्ही धावत आत गेलो. तो पुढे आलेला दगड खाली पडला होता. परात चपटी झाली होती, पीठ चारी भिंतींवर उडालं होतं. तिची बसायची जागा दगडाखाली होती.

मालक दारात उभा राहून ते बघत होता. आत आला नाही.

पोलिसाला दिलेल्या कबुलीला कोर्टात किंमत नसते. पण तो मला काही बोललाच नव्हता. तो तिला बोलला होता, आणि गाव ऐकत होतं. साक्ष द्यायची वेळ आली तेव्हा गावातल्या बहुतेकांना त्या दिवशी कमी ऐकू येत होतं. मुकादम आणि ती म्हातारी, दोघं उभे राहिले, तेवढे पुरले. तिने तक्रार मागे घेतली नाही. त्याला दंड झाला, आणि चौकीची भिंत त्याच्याच खर्चाने, पालिकेच्या देखरेखीखाली, पुन्हा चुन्यातच बांधून घ्यावी लागली. टॉवर उभा राहिला, पण चौकीला वळसा घालून.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. नव्या भरतीच्या पोरांपुढच्या व्याख्यानात मी छातीठोक सांगतो की गुन्हेगाराचा कच्चा दुवा हेरा. पण तो दुवा मी हेरला नव्हता. मी त्याचा लोभ शोधत होतो, तो तर डोळ्यांसमोर होता आणि त्याने तो नीट झाकला होता. बहिणीच्या डोक्यावर भिंत पडली असती तर त्याने ती नशिबावर टाकली असती. तिच्या डोक्यावर पाप मात्र त्याला बघवलं नाही. हे दोन्ही एकाच माणसात, एकाच वेळी खरं होतं. त्यानंतर मी कोणालाही खोलीत बसवून जबाब घेतला, तेव्हा तो खोटं काय बोलतोय याच्याइतकंच, तो खरं काय मानतो याच्याकडे लक्ष दिलं. त्याने गुन्हे भराभर उघडकीला आले असं नाही. माझं हात उगारणं मात्र कमी झालं.

भिंत पुरी झाली त्या वर्षीच्या दिवाळीनंतर एका बंदोबस्ताहून परतताना मी गाडी चौकीकडे वळवली. नवी भिंत पांढरी दिसत होती. ती आत परातीशी बसली होती. माझ्यासाठी स्टूल पुढे केलं, गरम भाकरी दिली. भाऊबीज नुकतीच झाली होती. मी जरा घुटमळत विचारलं, दादा आला होता का?

“आलेला,” ती म्हणाली. “साडी घेऊन.”

“मग? ओवाळलंत?”

तिने तव्यावरची भाकरी उलटली.

“ओवाळलं. दारातच.”