अक्कांची चिनाई मेंदी आणि आबांची कात्री

किस्से जमवायला कुणी बसत नाही. कुंपणाशी पाणी घालत उभं राहिलं, शेजाऱ्यानं मान वर केली, की झाला एक! आमच्या देवपुरातल्या गल्लीत असे किती साठले, त्याची गणती नाही. पण मी पाहिलंय, त्यातले निम्मे तरी एकाच झाडापाशी येऊन थांबतात. चिनाई मेंदी!

नावाचीच मेंदी हो. हिच्यानं हात रंगत नाहीत. पण आषाढ-श्रावणात हिला अशी गुलाबी, चुरगळलेल्या रेशमासारखी फुलं येतात, की पांझरा नदीपलीकडचे लोकही मुद्दाम बघायला येत. तीन घरं लागून, तिघांच्या दारात एकेक झुडूप. एका बाजूला आबा, धुळ्याच्या कोर्टातले निवृत्त शिरस्तेदार, आणि त्यांच्या पत्नी अक्का. दुसऱ्या बाजूला कापडवाले हस्तीमल शेठ. मध्ये मी, शाळेतला ड्रॉइंग मास्तर.

*

मेंदी गल्लीत आली ती आबांमुळे. चाळीसगावच्या गाडीनं येताना एका लहानशा स्टेशनावर त्यांना हे झाड दिसलं. दुसरा कुणी असता तर हळूच काडी मोडून खिशात घातली असती. आबांनी खाली उतरून स्टेशनमास्तरांना चक्क अर्ज लिहिला. "सदर झाडाच्या तीन काड्या लागवडीकरिता मिळाव्यात, ही विनंती."

स्टेशनमास्तरही त्याच मातीचे निघाले. त्यांनी अर्ज वाचला, चष्मा पुसला आणि शेरा मारला, "मंजूर. दोनच."

आबा तिसऱ्या काडीसाठी मुद्दे मांडू लागले. तेवढ्यात गार्ड हिरवं निशाण घेऊन आला आणि म्हणाला, "साहेब, अपील करायचं असेल तर पुढच्या गाडीनं करा!"

म्हणून एक काडी अक्कांना मिळाली, एक शेठजींना. माझं झाड शेठजींच्या झाडाच्या फांदीचं.

*

अक्कांनी आपली काडी जगवली, वाढवली. पण जगवली म्हणजे कशी! तांदळाचं धुवण तिला, ताकाचा तळ तिला, शिरपूरकडच्या डगा गाडीवानाच्या बैलगाडीतून येणाऱ्या शेणखताची पहिली पाटी तिला. झाड कौलांना टेकलं. पानं अशी तुकतुकीत की विचारू नका. फूल मात्र एक नाही!

मी एकदा धीर करून म्हणालो, "अक्का, खत कमी करा. या झाडाला ऊन भरपूर लागतं, खाणं बेताचं."

"मास्तर, तुमच्या घरी पाहुण्याला उपाशी ठेवतात का हो?"

पण पलीकडे शेठजींची मेंदी मुरमाड जमिनीत, उन्हात उभी होती, खताचा कण तिला माहीत नव्हता, आणि ती खालपासून वरपर्यंत फुलली होती. ते मी बोटानं दाखवलं.

अक्कांनी तिकडे दयेनं पाहिलं. "फुलं कसली ती? भुकेनं ओरडतंय बिचारं!"

*

त्या भुकेल्या झाडावर एकदा मावा पडला. कोवळे शेंडे हिरव्या किड्यांनी गच्च झाले. आबा कुंपणावरून म्हणाले, "शेठजी, तंबाखूचं पाणी मारा. दोन दिवसांत साफ."

शेठजींनी कानांवर हात ठेवले. जैन माणूस, संध्याकाळी दिवा लावायच्या आत जेवणारा, मुंगीलाही वळसा घालणारा! त्यांनी मऊ कुंचला घेतला आणि सकाळभर एकेक किडा कागदावर उतरवून घेतला. मग कागद कुंपणापलीकडे नेऊन हळूच झटकला. कुंपणापलीकडे म्हणजे माझ्या मेंदीवर!

मी जाब विचारायला गेलो तर शेठजी हात जोडून उभे. "मास्तरजी, मी कुणाला मारलं नाही. फक्त बदली केली!"

*

आता मुख्य गुन्हा. त्यात माझाही हात आहे, हे आधीच सांगून टाकतो.

मेंदीला फूल येतं ते नव्या फुटीवर. थंडीत पानं झडली की छाटायची, तरच पावसाळ्यात बहर. हे मी आबांना सांगत असे. अक्का ऐकून घेत नसत. "वाढत्या झाडाला लोखंड लावू नये," एवढंच त्यांचं म्हणणं. झाडाला त्यांच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, हा तर घरातला नियमच.

मार्गशीर्षात अक्का चोपड्याला लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणाला गेल्या. आबा मला म्हणाले, "मास्तर, किती छाटू?"

"थोडी," मी म्हणालो.

"'थोडी' हे माप कोर्टात टिकत नाही," असं म्हणून आबांनी कात्री, करवत आणि फूटपट्टी काढली. कौलांना टेकलेलं झाड संध्याकाळी गुडघ्याइतकं होतं. चार बोडक्या काठ्या! शेठजींनी कुंपणावरून पाहिलं आणि नवकार मंत्र म्हणू लागले.

अक्का टांग्यातून उतरल्या. ट्रंक खाली ठेवली. काठ्यांकडे पाहिलं. मग मला कुंपणाशी बोलावलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "मास्तर, झाड माझं होतं. त्याला फूल येईपर्यंत मी यांच्याशी बोलणार नाही. आणि फूल आता यायचं नाही." त्यांचे डोळे भरले होते. मला फार वाईट वाटलं. थोडी छाटा म्हणणारा मीच होतो.

*

पण गंमत अशी की अबोला सुरू झाला, हे आबांना कळलंच नाही! अक्का त्यांना नावानं हाक मारत नव्हत्याच. ताट मांडलं की जेवायला बसायचं, चहा ठेवला की प्यायचा, तीस वर्षं असंच चाललेलं. ना कमी, ना जास्त. तीन दिवस गेले. आबा खुशीत.

चौथ्या दिवशी संक्रांत आली. अक्का डबा घेऊन ओट्यावर बसल्या. मला दिला, शेठजींना दिला, टपालवाल्याला दिला. "तिळगूळ घ्या, गोड बोला. तिळगूळ घ्या, गोड बोला." मग आबांचा हात पुढे आला. अक्कांनी डब्याचं झाकण लावलं आणि आत गेल्या.

आबांचा तळहात तसाच राहिला. म्हणाले, "मास्तर, ही काही रागावली आहे का?"

*

मी आबांना अक्कांची अट सांगितली, आणि मग निरोप झाडामार्फत जाऊ लागले. अक्का पाणी घालताना काठ्यांना सांगत, "म्हणावं, चहा झालाय. थंड झाला तर मी जबाबदार नाही." आबा ओट्यावरून काठ्यांनाच उत्तर देत, "तिला म्हणावं, साखर कमी आहे." सगळी गल्ली ऐकत होती आणि चार काठ्या बिचाऱ्या मध्ये उभ्या.

आबा पहिले आठ दिवस हसले. मग हसेनात. रोज सकाळी काठीला नख लावून साल खरवडायचे आणि आत हिरवं आहे का ते बघायचे. इतकं खरवडलं, की एक दिवस शेठजींना राहवलं नाही. "आबासाहेब, रोज कातडी सोलली तर कोण जगेल?"

*

होळीच्या सुमाराला डगा खत घेऊन आला. अक्का माजघरात होत्या. त्यानं काठ्या पाहिल्या आणि म्हणाला, "आबा, हाई झाड ते मरी गयं! उपटी टाकू का? चुल्हामा कामे ई."

आबा काही बोलायच्या आत अक्का हातात लाटणं घेऊन बाहेर! अक्कांचं माहेर शिरपूरकडचं. एरवी त्या आमच्यासारखं बोलत, पण राग आला की थेट माहेरची भाषा. "डगा! हात लावशी ते हात तोडसू तुना!"

"पन माय, वाळी गयं ना ते!"

"वाळेल शे का जितं शे, ते मी ठरावसू!"

डगा चार पावलं मागे सरकला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "मास्तर, बठ्ठी गल्ली म्हने माय बोलत नही! मंग हाई काय शे?"

*

चैत्रात फूट आली. लालसर, कोवळी, चारही काठ्यांवर! आबा आनंदानं ओरडतच घरात गेले. अक्का बाहेर आल्या, चष्मा लावून नीट पाहिलं, फुटीवरून बोट फिरवलं. आबा श्वास रोखून उभे.

अक्का झाडाला म्हणाल्या, "पानं काय, मेथीलाही येतात."

*

आषाढ आला. शेठजींची मेंदी फुलली, माझी फुलली. अक्कांच्या झाडावर कळ्यांचे घोस लागले, वाटाण्याएवढ्या टपोऱ्या कळ्या. आणि तिथेच सगळं अडलं! आबा रोज अंघोळ करून आठ वाजता झाडापाशी जात. कळ्या होत्या, फूल नव्हतं. उलट श्रावण लागल्यावर कळ्या रोज थोड्या कमी!

"मास्तर, गळतायत," आबा म्हणाले. मी राख टाकायला सांगितली. त्यांनी राख टाकली. शेठजींनी बुंध्याशी पाणी तुंबू देऊ नका म्हणून सांगितलं, त्यांनी चर खणला. जन्मात स्वतःचा पेला न उचललेला माणूस, गुडघे टेकून चिखलात बसे. दाराआडून अक्का बघत, आणि आत जात.

एका संध्याकाळी आबा माझ्या ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, "चूक माझी होती हो. तिला विचारायला हवं होतं. आता फूल आलं नाही, तर मी या घरात कुणाशी बोलू?"

कोर्टात भल्याभल्या वकिलांना गप्प करणारा माणूस.

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी अक्कांनी मला आणि शेठजींना प्रसादाला बोलावलं. आबांची सवय अशी, की देवघराच्या उंबऱ्याबाहेरून, डोळे मिटून, एक नमस्कार करायचा आणि वळायचं. मी मात्र आत गेलो. महादेवाच्या पिंडीभोवती गुलाबी, चुरगळलेली फुलं!

"शेठजी, तुमची का ही?" मी विचारलं.

"नाही जी, माझ्या झाडावर तर भुरी पडली आहे, एक फूल धड नाही."

माझी तर मीच घरी वाहिली होती. आम्ही दोघांनी अक्कांकडे पाहिलं. आबांनी मिटलेले डोळे उघडले आणि जन्मात पहिल्यांदा उंबरा ओलांडून आत आले. एक फूल उचललं.

"हे कधीपासून?"

अक्का देवाकडे बघत म्हणाल्या, "मास्तर, यांना सांगा, मागच्या सोमवारपासून. पहाटे उमलली की मी काढून आणते. रोज इथेच असतात. डोळे मिटून नमस्कार करणाऱ्याला मी काय करू?"

"पण ठरल्याप्रमाणे फूल आलं की बोलायचं होतं!" आबांमधला शिरस्तेदार जागा झाला. "आठ दिवस जास्तीचे झाले!"

अक्का उठल्या. फडताळातून संक्रांतीचा डबा काढला. तळाशी एकच लाडू राहिला होता, काळपट, वाळलेला. तो त्यांनी आबांच्या तळहातावर ठेवला आणि सात महिन्यांनी सरळ त्यांच्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "तिळगूळ घ्या, गोड बोला."

आबांनी लाडू तोंडात टाकला. दात लावला. पुन्हा लावला. डोळ्यांत पाणी आलं.

"अगं, दगड आहे हा!"

"हं," अक्का म्हणाल्या. "संक्रांतीपासून मी तोच चघळत होते."