तांब्या कोण धरणार?

चैत्रात शिखर शिंगणापूरला लोटणारी गर्दी बहुतेक पलीकडच्या घाटानं जाते. सांगलीहून तासगाव, विटा, म्हसवड असं चालत जाणारे खुळे आम्ही दोघंच. मी हळदीच्या पेठेतला कारकून आणि तो पलटणीतून रिटायर होऊन आमच्या शेजारी राहायला आलेला. चाल त्याच्या घरची. कृष्णेचं पाणी पितळी तांब्यात भरायचं आणि महादेवाला घालेपर्यंत तांब्या भुईला टेकवायचा नाही. झोपताना झाडाला टांगला तर चालतो, पण जेवताना तो माणसाच्याच हातात हवा. म्हणजे एकानं जेवायचं, दुसऱ्यानं धरायचा. माझी जेवायची पाळी आली की हा गडी “आवर की लवकर” म्हणून डोकं उठवायचा. खरं सांगायचं तर मला देवाचं फारसं वेड नव्हतं. मी त्याच्यासाठीच जायचो.

यंदा त्याच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि मुलानं त्याला पुण्याला नेलं. जाताना तांब्या माझ्या हातात देऊन म्हणाला, “चाल मोडू नगंस, गड्या.” मी हो म्हणून बसलो.

एकट्यानं चालणं जमतं, जेवणं जमत नाही. पहिल्याच दुपारी तासगावच्या पुढं द्राक्षबागेच्या कडेला टेकलो, भाकरी सोडली आणि सवयीनं, न बघताच, तांब्या उजवीकडं पुढं केला. तिकडं बाभळ होती. पाणी हिंदकळलं, सांडलं नाही एवढंच. त्याची अशी काही आठवण आली, की भाकरी तशीच परत बांधून टाकली.

मग जिथं माणूस दिसेल तिथंच मला भूक लागायला लागली. विट्याजवळ एका पंक्चरवाल्यानं तांब्या धरला. पुढं माळावर मेंढरं राखणारी एक बाई भेटली. “घोटभर पान्याला एवढं जपताय, आन आमच्याकडं टँकर येत न्हाई,” असं म्हणाली, पण माझी भाकरी संपेपर्यंत हलली नाही. म्हसवडात सिद्धनाथाच्या देवळापाशी नारळवाल्यानं एका हातात तांब्या धरून दुसऱ्या हातानं गिऱ्हाईक केलं.

रोज संध्याकाळी पुण्याहून फोन यायचा, “आज कुनी धरला रं?” मी सांगायचो. म्हसवडच्या मुक्कामी मात्र तो पंक्चरवाल्यापासून एकेकाला मोजत आला. मग म्हणाला, “समद्यांचं हात लागलं म्हन की. माजाच तेवढा न्हाई.”

शिखरावर महादेवाला पाणी घातलं, पण सगळं नाही. तळाशी थोडं ठेवलं. देवाला पाणी घालणारे पुष्कळ आहेत. तांब्याच्या तोंडाला पुन्हा फडकं बांधलं आणि पुण्याची एसटी धरली. “खाली ठेवा की काका,” असं कंडक्टर दोनदा म्हणाला. मी तांब्या मांडीवरून हलवला नाही.

फ्लॅटचं दार सुनेनं उघडलं. तो खिडकीशी खुर्चीत होता, त्याला उठता आलं नाही. माझ्या हाताकडं बघून म्हणाला, “आजून पानी हाय ह्यात?”

“आहे.”

त्यानं दोन्ही हात पुढं केले आणि तांब्या छातीशी धरला. “ह्याला ताट वाढ गं,” सुनेला म्हणाला, “उपाशी आसंल.”

मी जेवायला बसलो. तो समोर तांब्या धरून बसला होता. “आवर” म्हणेल म्हणून मी वाट बघत होतो.

“निवांत जेव,” तो म्हणाला.

पोट केव्हाच भरलं होतं. मी आणखी एक चपाती मागून घेतली.