ईश्वरीचं दुखणं आणि माझी सून

फिरायला जायचं म्हटलं की माझी सून मनीषा कधीच मोकळी नसते. जालन्याच्या एका दवाखान्यात नर्स आहे ती. या रविवारी मात्र स्वतःहून म्हणाली, "आई, पिंपळगाव रेणुकाईला येता का? मला एका पेशंटच्या घरी जायचंय, तुमचं देवीचं दर्शनही होईल." मी लगेच पिशवी भरली!

जाणाऱ्यांनी जालन्याहून भोकरदनपर्यंत एसटी घ्यावी, पुढं काळी-पिवळी जीप. भाडं किरकोळ, पण गुडघे पोटाशी घेऊन बसायची तयारी ठेवा. भोकरदनला भजी गरम असतील तरच खा. आम्हाला गार मिळाली, मी गाडेवाल्याला चांगलं सुनावलं.

वाटेत कपाशी, मका, आणि मनीषाचं बोलणं. पेशंट नऊ वर्षांची, ईश्वरी. हाडाचा कॅन्सर. सगळे उपचार झाले, आता ती बरी होणार नाही.

"मग तू जाऊन काय करणार गं?" मी विचारलं.

"बरंच काही. तिला दुखू द्यायचं नाही, झोप लागू द्यायची, खेळू द्यायचं. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे हेच, आई."

मंदिरात हात जोडले, पण चित्त थाऱ्यावर नव्हतं.

घरी ईश्वरी खाटेवर बसली होती, ओठ घट्ट मिटून. आजोबा कौतुकानं म्हणाले, "लई सोशिक लेकरू, सिस्टर. एकदा बी रडली न्हाई." डॉक्टरांनी लिहून दिलेली मॉर्फिनची बाटली फळीवर तशीच, सील न फोडलेली. "ते शेवटचं औषध. ते देलं की खेळ खलास. मी बिलकुल देऊ देनार न्हाई." ईश्वरीची आई दाराशी उभी.

मनीषानं वाद घातला नाही. खाटेवर टेकली. "ईश्वरी, आज दुखणं केवढं? हरभरा, बोर, मोसंबी का टरबूज?"

पोरीनं आजोबांकडं बघितलं. "हरभरा."

"आणि आजोबा, तुमचा गुडघा?"

"अरे बाप रे, टरबूज! रातभर कण्हत असतो."

"आजोबा, तुमी रडता?" ईश्वरीनं विचारलं.

"रडतो की! दुखल्यावर मानूस रडनार न्हाई तर काय करनार?"

"मंग माझं बी टरबूजच हाय," ईश्वरी म्हणाली आणि हमसून हमसून रडायला लागली.

आजोबांनीच उठून बाटली खाली काढली. मनीषानं समजावलं, "हे दुखण्याचं औषध आहे, मरणाचं नाही. लिहिलंय तेवढंच, ठरल्या वेळेला. दुखेपर्यंत थांबायचं नाही. पोट साफ होईना तर लगेच फोन करा." ईश्वरीच्या आईकडून तिनं औषध मापून घेतलं, तिच्याच हातानं द्यायला लावलं.

परतताना मी विचारलं, "हे हरभरा-टरबूज कुठं शिकवतात गं?"

"शिकवतात ती हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची चित्रं, दुखणं किती ते दाखवायला. पण घरच्यांना बरं वाटावं म्हणून मुलं हसरा चेहरा दाखवून मोकळी होतात. गप्प बसलेल्या लेकराला दुखत नाही, असं नसतं, आई."

अख्ख्या काळी-पिवळीला ऐकू जाईल असं मी म्हणाले, "ही माझी सून हो!" ती लाजून चूर. लाजू दे! तुम्हीही आजारी लेकराला भेटायला गेलात, तर सोशिक म्हणून त्याचं कौतुक करू नका. देवीचा प्रसाद मी वाटून टाकला, पण हे मात्र घरी घेऊन आले.

संध्याकाळी मनीषा कणीक मळत असताना फोन वाजला. मी स्पीकर लावला. आजोबा होते, आनंदानं मोठमोठ्यानं बोलत. "सिस्टर, ऐकून राह्यल्या का? भावासंगं भांडून राह्यलीय!"

मागून खणखणीत आवाज आला, "माझा डाव हाय, सरक तिकडं!"

मनीषाचे हात कणकेत तसेच राहिले. फोन ओट्यावर ठेवून आम्ही दोघी ते भांडण संपेपर्यंत ऐकत उभ्या राहिलो.